रेडा कसा हाय?

पुस्तकावरून सिनेमा काढणाऱ्या माणसांवर आसावरीचा जो राग होता, तसा राग लोक बांध कोरणाऱ्या भाऊबंदांवरही धरत नसतील. तिला अद्भुत कादंबऱ्यांचं वेड. नकाशात नसलेले देश, बोलणारी जनावरं, शाप, तलवारी आणि शेवटच्या पानापर्यंत न सुटणारं एखादं कोडं. खंड जितका जाड तितकी बाई खूश. अशा पुस्तकाची मालिका किंवा सिनेमा आला की पुस्तक मांडीवर घेऊन ती टीव्हीसमोर बसायची आणि पंचनाम्याला आलेल्या फौजदारासारखी एकेक गुन्हा टिपायची. नायिकेची वेणी पुस्तकात काळी, इथे तांबडी. पुस्तकात म्हातारा जादूगार शेवटपर्यंत हसत नाही, इथे पहिल्याच भागात दात दाखवतो. 'पुस्तकच खरं' नावाच्या वाचकांच्या ग्रुपवर तिने एका सिनेमाची सालटी काढली होती, त्यातलं एक वाक्य लोक अजून एकमेकांना पाठवायचे: 'ज्याला दुसऱ्याच्या गोष्टीत पदरचं घालायची हौस आहे, त्याने आपली गोष्ट वेगळी लिहावी.'

तिचा नवरा केयूर बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात होता. तो म्हणायचा, दुधात पाणी किती हे आम्हाला मशीन लावून तपासावं लागतं, तुला नुसतं पडद्याकडे बघून कळतं. आसावरीला यात टोमणा दिसत नसे. ती हे कौतुक समजून स्वीकारायची.

आणि हीच बाई कित्येक महिने रोज सकाळी बारामती-इंदापूर गाडीत दुधात बादलीने पाणी ओतत होती. हे केयूरलाही माहीत नव्हतं.

झालं होतं असं. आसावरी बारामतीजवळ जळोचीला राहायची आणि इंदापूरच्या विमा कार्यालयात नोकरीला होती. म्हणजे ती अपडाऊनवाली. अपडाऊनवाल्यांची आपली एक जात असते आणि त्या जातीचा पहिला धर्म म्हणजे एकमेकांची जागा धरणं. आसावरी बारामती स्टँडवर चढली की ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर स्वतः बसायची आणि शेजारच्या दोन जागांवर रुमाल आणि डब्याची पिशवी टाकून लासुर्ण्यापर्यंत लोकांच्या शिव्या खायची. लासुर्ण्याला अक्काबाई आणि धोंडीबा तात्या चढायचे. अक्काबाई इंदापुरात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. तात्यांचा निमगाव केतकीला सासुरवाडीकडून आलेला पानमळा होता, तो बघायला ते रोज जायचे. वय सत्तरीचं, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं.

आसावरी तेव्हा 'उत्तरकड्याची गाथा' वाचत होती. सहा खंडांची इंग्रजी कादंबरी; मराठी नाव तिनेच ठेवलेलं. एकदा वाचता वाचता ती फिस्सकन हसली, तेव्हा तात्यांनी विचारलं, की एवढं काय लिहिलंय त्यात. तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, पुढं काय झालं. तिसऱ्या दिवशी अक्काबाईंनी कानावरचा पदर मागे सारला, आणि मग ते रोजचंच झालं.

गोष्टीत तिरा नावाची मुलगी हरवलेल्या बापाला शोधायला बर्फाच्या प्रदेशात निघते आणि तिच्यासोबत एक केसाळ, प्रचंड, बोलणारं जनावर असतं. त्याचं इंग्रजी नाव उच्चारताना आसावरीचीच जीभ अडखळायची. तिने वर्णन करून सांगितलं: काळंकुट्ट, मागे वळलेली शिंगं, हट्टी, पाणी दिसलं की आत उतरून बसणारं. तात्या म्हणाले, मग रेडा म्हणा की. आसावरी आधी बिचकली, मग तिने मनाची समजूत घातली की अनुवादात एवढं चालतं. रेडा बोलतो कसा, अशी शंका मात्र कुणालाच आली नाही. पैठणला रेड्याने वेद म्हटले, तिथे याने चार शब्द बोलायला काय हरकत आहे, असं अक्काबाईंचं म्हणणं पडलं.

अक्काबाईंनीच त्या गोष्टीची पोथी केली. आसावरी पुस्तक उघडायची तशी त्या पायातल्या चपला काढून बाकाखाली सारायच्या आणि पाय वर घेऊन बसायच्या. कंडक्टर बुद्धभूषण हा तिशीतला चलाख गडी. तो लासुर्ण्याच्या आत सगळी तिकिटं उरकून दांड्याला धरून उभा राहायचा. कुणी मध्येच सुट्ट्या पैशांवरून वाद काढला तर तो म्हणायचा, की आधी तिराबाईला नदी उतरू द्या, मग बघू.

दोन खंड असे सुखाने गेले. आसावरी एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हती. तिसऱ्या खंडाच्या शेवटी गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटतो, तिरा पाण्यात जाते, रेडा तिला शिंगांनी उचलून काठावर टाकतो आणि स्वतः खाली जातो. पहिल्यांदा वाचताना आसावरीने दोन उशा भिजवल्या होत्या. ते पान गाडीत सांगायची वेळ आली, त्याच सुमारास तात्यांची बायको गेली. पंधराएक दिवस त्यांची जागा रिकामी राहिली. अक्काबाई आणि बुद्धभूषण म्हणाले, तात्या येईपर्यंत पोथी थांबवू, आणि आसावरीने थांबवली.

तेरावा उरकून तात्या गाडीत चढले तेव्हा निम्मे झाले होते. दाढीचे पांढरे खुंट, टोपी तिरपी. बसले. गाडी हलली, तेव्हा त्यांनी आसावरीच्या हातातल्या पुस्तकाकडे बघून विचारलं,

"बाई, रेडा कसा हाय?"

"बरा हाय, तात्या," आसावरी म्हणाली. उभ्या जन्मात तिच्या तोंडून कधी 'हाय' निघालं नव्हतं.

तात्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आसावरीने त्या दिवशी रेड्याला तळ्याच्या पलीकडच्या काठाने बाहेर काढलं, अंग झटकायला लावलं आणि वर त्याला शेकोटीजवळ बसवलं. तिला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांनी हळूच सांगू. पण मेलेल्याला एकदा शेकोटीजवळ बसवलं की पुन्हा पाण्यात ढकलायचं कसं? ते काही तिला जमेना.

पुढच्या तीन खंडांत लेखकाने रेड्यासाठी जागाच ठेवली नव्हती, आणि का ठेवावी? इकडे तात्या तर रोज चढले की आधी रेड्याची चौकशी करायचे. मग आसावरी सकाळी भाजी चिरता चिरता रेड्याची त्या दिवसाची सोय लावू लागली. तिराबरोबर त्याला डोंगर चढवला. राजाच्या दरबारात त्याची साक्ष काढली. पाचव्या खंडात तर त्याचं लग्न लावलं, आणि ते लग्न आठवडाभर चाललं. आसावरीला त्याचा फार अभिमान होता. संध्याकाळी घरी येऊन ती पुन्हा ग्रुपवर कुठल्याशा मालिकेने तलवारीची मूठ बदलली म्हणून दोन परिच्छेद लिहायची. सिनेमावाले धंद्यासाठी बदलतात, आपलं तसं नाही, असं ती स्वतःला बजावायची. मग एक आळंदी देवाची आणि दुसरी चोराची कशी, हे तिला कुणी विचारलं नाही.

सहावा खंड संपला त्याच महिन्यात बुद्धभूषणने फोन पुढे केला. 'उत्तरकड्या'ची मालिका आली होती, आणि तीही मराठी आवाजात. जाहिरातीत बर्फावर शिंगं रोखून उभा होता तो आपला रेडा. अख्ख्या गाडीत फोन फिरला. अक्काबाई म्हणाल्या, पोथी लावली तर समाप्ती नको का? लेकाने मोठा टीव्ही घेतलाय, रविवारी लासुर्ण्याला आमच्या घरी सगळ्यांनी जेवायला या, बघू आणि समाप्ती करू. आसावरीने हातातलं पुस्तक घाईघाईने पिशवीत टाकलं.

शनिवारी तिने केयूरला शेजारी बसवून मालिका आधी पाहून घेतली. तिची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती: सिनेमावाले पुस्तक बदलतातच. आजवर त्यांनी वेण्या बदलल्या, दरवाजे बदलले, शेवट बदलले. रेडा जगवणं त्यांना काय जड होतं? पण नशीब असं, की आयुष्यात पहिल्यांदा तिला इमानदार माणसं भेटली. वेणी काळी. जादूगार हसत नव्हता. तिराच्या अंगरख्याचं तुटलेलं बटणसुद्धा पुस्तकात होतं तिथेच तुटलेलं होतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी बर्फ फुटला, आणि रेडा ओळीबरहुकूम खाली गेला. आसावरी ढसाढसा रडली. केयूर म्हणाला, आता तरी बिचाऱ्यांबद्दल चार चांगले शब्द लिही. तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, उद्या तुला ताप आलाय असं कळवू का? तिने नको म्हटलं. समाप्तीला पोथी वाचणाराच नाही, हे कसं दिसेल?

रविवारी अक्काबाईंच्या ओसरीवर सतरंज्या पडल्या होत्या आणि आतून पुरण शिजल्याचा वास येत होता. आसावरीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणा-नारळाने ओटी भरली. पोथी सांगणाऱ्या बाईचा मान असतो, अक्काबाई म्हणाल्या, आणि तुम्ही तर दीड वर्षं फुकट सांगितली. तात्या नवी टोपी घालून टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसले होते.

पहिला भाग मजेत गेला. रेडा पडद्यावर आला तेव्हा टाळ्या पडल्या. तात्यांनी मात्र बारकाईने पाहून, शिंगं जरा आखूड आहेत, असा शेरा मारला. दुसरा संपताच आसावरीने, आता जेवून घेऊ, पोळ्या गार होतील, असं सुचवलं. अक्काबाई म्हणाल्या, पोळ्या तव्यावरच आहेत. तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. बुद्धभूषणने बाम आणून दिला. तिने मनातल्या मनात लाइट जायची वाट पाहिली. एरवी पाहुणे आले की हमखास जाणारी लाइट त्या दिवशी पाय रोवून उभी राहिली. तिसरा भाग लागला, तळं आलं, बर्फ फुटला आणि रेडा गेला.

पडद्यावर तिरा रडत होती. मग तात्या म्हणाले, "बंद करा ते."

आणि मग गहजब झाला. अक्काबाई म्हणाल्या, ज्याचं लगीन व्हायचंय त्याला आधीच मारला, म्हणजे पाचव्या खंडात बोहल्यावर काय त्याचं भूत उभं करणार का? दरबारात साक्ष कोण देणार? बुद्धभूषणने फोन काढला आणि मालिकेला एकच तारा देऊन खाली लिहायला घेतलं. लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचत होता: पुस्तकाशी काडीचं इमान नाही. मग तो आसावरीकडे वळला. मॅडम, रेडा काठावर येतो ते पान कितवं? पुरावा टाकतो. आणि ते तुमचं वाक्य पण टाकतो, दुसऱ्याच्या गोष्टीत पदरचं घालायची हौस असलेलं.

आसावरीच्या ओटीत नारळ होता. तो तिला एकाएकी फार जड वाटायला लागला. गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. उलट तिचाच मान वाढला असता. पण आयुष्यभर जे मागितलं ते त्या बिचाऱ्या मालिकावाल्यांनी पहिल्यांदा दिलं होतं, आणि त्यांच्याच तोंडाला काळं फासलं जात होतं. शिवाय हे सगळं तिच्या तोंडाकडे बघून चाललं होतं, हे तिला सोसवेना.

"त्यांचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "पुस्तकात रेडा मरतो. तिथून पुढचा रेडा माझा आहे."

बुद्धभूषणचा अंगठा फोनवर थांबला. अक्काबाईंना समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"पोथी सांगताना कुणी मनचं घालतं व्हय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "आमी चपला काढून ऐकली."

तात्या उठले, टोपी सारखी केली आणि पुरणपोळीला हात न लावता चालते झाले. बाकीचे जेवले, कारण केलेलं अन्न टाकायचं कुणी, पण कटाची आमटी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. बुद्धभूषणने लिहिलेलं पुसून मालिकेला मुकाट्याने पाच तारे दिले.

सोमवारी सकाळी केयूर म्हणाला, चल, आज मोटारसायकलवर सोडतो. आसावरी नको म्हणाली. आज चुकवलं तर ही गाडी कायमची चुकेल, हे तिला कळत होतं. घरात पुस्तकांचा ढीग होता, ग्रुपवर शेकडो वाचक होते. पण पुढं काय झालं म्हणून रोज सकाळी तिचं तोंड बघणारी माणसं तेवढ्या एका बाकावर होती. तिने पिशवीत तिसरा खंड टाकला. स्टँडवर चढून शेजारच्या दोन जागांपैकी एकीवर रुमाल टाकला आणि दुसरीवर तो खंडच ठेवला. सणसरला एका जाडजूड गृहस्थाने, जागा काय पुस्तकाला दिलीय का, असं विचारलं. आसावरीने हो म्हणून सांगितलं.

लासुर्णं आलं. अक्काबाई चढल्या आणि बाकाकडे न बघता मागे निघून गेल्या. आसावरीने रुमाल उचलला. ती जागा त्या जाडजूड गृहस्थांनी लगेच घेतली. मागून तात्या चढले आणि पुस्तकापाशी थांबले.

"ही जागा कुणाची धरलीय?"

"तुमचीच आहे, तात्या."

ते बसले, पुस्तक मांडीवर घेऊन. जंक्शनचा थांबा येईपर्यंत ते वेष्टनावरची शिंगं बघत होते. बुद्धभूषण तिकिटं उरकून नेहमीच्या दांड्याला येऊन उभा राहिला, पण आज उगाच मशीनची बटणं दाबत.

"ते रेड्याचं लगीन," तात्या म्हणाले. "ते तुमचं का?"

"माझंच."

"वाटलंच. लई लांबलं. मी दोनदा डुलकी काढली."

आसावरीला हे कालच्यापेक्षा जास्त लागलं. त्या लग्नातले उखाणेसुद्धा तिने स्वतः रचले होते.

"आन् दरबारातली साक्ष?"

"तीही माझीच."

"ती बरी हुती," तात्या म्हणाले, आणि अंथुर्णे मागे पडेपर्यंत पुस्तकाची पानं चाळत राहिले. मग त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. आवाज एकदम खाली आला होता.

"त्या दिशी मी इचारलं, तवा तुमाला ठावं हुतं."

"हो, तात्या."

"बरं केलंत. त्या दिशी सोसलं नसतं मला. मी घरातनं निघालो तो येवढं एकच इचारायला निघालो हुतो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काल टीव्हीत गेला तो आपला न्हवं. त्याला मी वळखत न्हाय. आपला तुमी सांगितल्याबिगर जात न्हाय. तवा आता सांगा. आन् पदरचं काय घालू नका."

आसावरीने पान काढलं. तिला ते सांगायचं नव्हतं. इतके महिने ज्याला खाऊपिऊ घातलं, त्याला आता आपल्याच तोंडाने पाण्यात सोडायचं होतं. पण तिने सुरुवात केली. वारा पडला होता, तळं पांढरं होतं, तिरा पुढे आणि रेडा मागे. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होती, सावकाश, जमेल तितकी जशीच्या तशी. मध्येच तात्यांनी विचारलं, हे पुस्तकातलंच का? तिने मान हलवली.

"मोठ्यानं सांगा की जरा," मागून अक्काबाईंचा आवाज आला. "मागं कायबी ऐकू येत न्हाय." थोड्या वेळाने त्या स्वतःच उठून पुढे आल्या, जाडजूड गृहस्थांना उठवून बाकावर बसल्या आणि चपला काढून पाय वर घेतले.

शेळगाव गेलं. बर्फावर पहिला तडा गेला तेव्हा निमगाव केतकीचे पानमळे दिसायला लागले होते. गाडी थांब्याला उभी राहिली. दोघे उतरले, तिघे चढले. तात्या हलले नाहीत. बुद्धभूषणने दोरीला हात घातला आणि थांबला.

"तात्या, तुमचं निमगाव आलं."

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. बंडीच्या खिशातून सुट्टे पैसे काढून त्यांनी हात मागे केला.

"इंदापूरचं दे," ते म्हणाले.

बुद्धभूषणने अर्धं तिकीट काढलं, बेल दिली, आणि गाडी निघाली. अजून दीड पान बाकी होतं, आणि रेडा जिवंत होता.